सड्यावरची टाकी: खाडीकाठच्या एका लाकडी सभामंडपाची अग्निसुरक्षा

देऊळ रत्नागिरी जिल्ह्याच्या दक्षिणेकडचं, ग्रामदैवताचं, खाडीपासून हाकेच्या अंतरावर. नाव देण्याची गरज नाही, अशी देवळं कोकणात तालुक्यागणिक आहेत. गाभारा आणि अंतराळ (त्याच्या पुढची छोटी खोली) चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं, भिंती दोन हात जाड. पुढे १४ मीटर लांब आणि ९ मीटर रुंद सभामंडप, तीन बाजूंनी उघडा, कमरेएवढा कट्टा. १६ कोरीव खांब, त्यांवर हस्त (तुळयांना आधार देणारे लाकडी बाहू) आणि तुळया, मधल्या खणाला कोरीव लाकडी छत. छताच्या वर माळा. मागच्या अंगाला कोठार आणि महाप्रसादाचं स्वयंपाकघर, दोन्ही नंतर जोडलेली, पण छप्पर एकच. सगळ्यावर मंगलोरी कौलं, आढ्याची उंची साडेसहा मीटर.

गाडीरस्ता वरच्या वाडीत संपतो. तिथून देवळापर्यंत चिऱ्याची पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, सुमारे १५० मीटर. अग्निशमन दलाची सर्वांत जवळची गाडी नगरपरिषदेची, ४० किलोमीटरवर, वळणांच्या रस्त्याने. फोन लगेच लागला आणि गाडी जागेवर असली तरी तास धरायचा, आणि आल्यावरही ती पाखाडी उतरणार नाही. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापुरात केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. दल शहरातलंच होतं, तरी १९१५ सालच्या त्या वास्तूचं छप्पर आणि रंगमंच गेला. खाडीकाठच्या देवळाने कशावर भरवसा ठेवायचा, हे यावरून ठरतं. पहिल्या दहा मिनिटांत गावात जे असेल तेच उपयोगी पडणार, आणि ते आषाढात, वीज नसताना, मोबाइलचा टॉवर बंद असताना चाललं पाहिजे. या कामातले सगळे निर्णय या एका अटीवर घासून घेतलेले आहेत. बाजारात याहून आधुनिक सामान मिळतं, पण या अटीत बसलं नाही ते सोडून दिलं.

आधी काय होतं

पाहणी मीटरपासून सुरू झाली. मंडपाच्या एका खांबाला लाकडी फळी, तिच्यावर मीटर आणि चिनी मातीचे तीन किटकॅट फ्यूज. एका फ्यूजची वाटी उघडली तर आत फ्यूजतारेऐवजी १.५ चौरस मिलिमीटरच्या वायरमधले चार-पाच तांब्याचे पदर पिळून बसवलेले. वाटीच्या कडेला तपकिरी डाग, मागच्या फळीवर नखाएवढा कोळसा. शिमग्याला हॅलोजन लावले की फ्यूज उडायचा, म्हणून कोणीतरी तो उडणारच नाही अशी सोय केली होती. तांब्याचे ते पदर वितळायला जेवढा प्रवाह लागतो, त्याच्या कितीतरी आधी माळ्यावरची जुनी वायर धोक्याइतकी तापते. माळ्यावर लाकडी पट्टीवरचं वायरिंग, रबराचं आवरण बोट लावलं की भुगा होणारं. दोन ठिकाणी ॲल्युमिनियमची तार तांब्याला पिळून जोडलेली, सांध्यावर हिरवट-पांढरी पूड. खाऱ्या दमट हवेत हा सांधा गंजतो, त्याचा रोध वाढतो आणि भार आला की तो तापतो. एमसीबी (जादा प्रवाहाला आपोआप पडणारा स्विच) असती तरी तिला हे कळलं नसतं, कारण प्रवाह नेहमीचाच असतो.

त्याच माळ्यावर जुनी मखरं, थर्माकोल, फाटकी छतं, तेलाचे रिकामे डबे. स्वयंपाकघराच्या मागे भिंतीला लागून सोडणांचा (नारळाच्या सालांचा) आणि झावळ्यांचा ढीग. मुख्य दोष मात्र सामानात नव्हता, रचनेत होता: चुलीच्या वरचा वासा आणि कोरीव छताच्या वरचा वासा यांच्या मध्ये काहीच नव्हतं. स्वयंपाकघरात भडका उडाला तर धूर आणि ज्वाळा आढ्याखालून सरळ मंडपात येणार. आडव्या लाकडापेक्षा चढत्या लाकडावर आग किती तरी वेगाने धावते, आणि कोकणी छपराचा उतार सगळी गरम हवा आढ्याशी गोळा करतो.

नंदादीपाचा प्रश्न वेगळा. तो रात्रभर तेवतो आणि तेवणारच. तुपातेलात भिजलेली जळती वात उंदीर उचलून माळ्यावर नेतो, हे जुन्या घरांतल्या माणसांना ठाऊक आहे. विजेच्या नादात नव्या सल्लागारांच्या यादीतून ते नेमकं गळतं. इथे दीप चिऱ्याच्या कोनाड्यात हलवला, चार सेंटिमीटर उंच काठाच्या पितळी परातीत, खाली वाळू, वरून काच, आणि लाकडापासून किमान एक मीटर. रात्री घालायचं तेल ठरवून दिलं. गुरवांची याला हरकत नव्हती; काच आल्यापासून वाऱ्याने वात विझत नाही, ही त्यांची जमेची बाजू.

कायदा आणि परवानगी

देऊळ सार्वजनिक न्यासाचं, संरक्षित स्मारकांच्या यादीत नाही. राज्य संरक्षित असतं तर १९६० च्या महाराष्ट्र कायद्याप्रमाणे पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाची परवानगी आधी घ्यावी लागली असती. केंद्रीय संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरच्या आत नवं बांधकामच करता येत नाही, तिथे टाकीची जागा पहिल्या दिवसापासून त्या हिशेबाने शोधावी. २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायद्यात जबाबदारी मालकावर आणि भोगवटादारावर आहे. काम परवानाधारक एजन्सीने करायचं आणि यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं ‘ब’ नमुन्यातलं प्रमाणपत्र जानेवारीत आणि जुलैत द्यायचं. जुलैतली तपासणी कोकणात सोयीची ठरते, कारण खरी परीक्षा त्याच महिन्यात होते.

वीज

सगळ्यात जास्त धोका ज्या कामाने कमी झाला आणि ज्याला सगळ्यात कमी टाळ्या मिळाल्या ते हे. मीटर आणि मुख्य पेटी मंडपातून काढून पाच मीटर दूर चिऱ्याच्या स्वतंत्र चौकीत नेली. मुख्य पेटीत १०० मिलिअँपिअरचा, थोडा वेळ घेऊन तुटणारा आरसीसीबी (वीज जमिनीत गळू लागली की ती तोडणारा स्विच), पुढे चार सर्किटं आणि प्रत्येकाला ३० मिलिअँपिअरचा वेगळा आरसीसीबी. एकाच आरसीसीबीवर सगळं देऊळ टाकलं तर पावसाळ्यात ओलीमुळे होणारी थोडी थोडी गळती एकत्र होते, तो सारखा पडतो, आणि महिन्याभरात कोणीतरी त्याला बगल देऊन सरळ जोडणी करतं. चार भाग केले की कुठली ओल पाडते तेही कळतं.

चारांपैकी एक सर्किट ‘रात्रीचं’: अलार्मचं पॅनेल, कॅमेरा आणि एक दिवा. बाकी तीन दरवाजाजवळच्या किल्लीच्या स्विचने, काँटॅक्टरमार्फत (छोट्या स्विचने चालणाऱ्या मोठ्या स्विचमार्फत), शेजारतीनंतर मृत होतात. रात्री माळ्यावर वीजच नसेल तर ती तिथे आग लावू शकत नाही. उत्सवाच्या मंडळींसाठी चौकीच्या बाहेरच्या अंगाला झाकणाचे चार सॉकेट, त्यांचा आरसीसीबी वेगळा. नमन-खेळ्यांचे दिवे, स्पीकर, लायटिंगच्या माळा तिथूनच घ्यायच्या. मंडपात एकही पॉवर सॉकेट ठेवलेला नाही, त्यामुळे वाद घालायला जागा उरत नाही.

वायर तांब्याची, एफआरएलएस (सहज न पेटणाऱ्या, कमी धुराच्या आवरणाची), दिव्यांना १.५ आणि सॉकेटना २.५ चौरस मिलिमीटर. मंडपात पीव्हीसी कंड्युट (वायरी ओवायची नळी) चाललं, माळ्यावर मात्र लोखंडी घ्यावं लागलं, कारण उंदीर पीव्हीसी कुरतडतात. लोखंडी कंड्युटला आतून-बाहेरून रंग आणि दर शाकारणीला (पावसाळ्याआधी कौलं उतरवून छप्पर नीट करताना) नजर, हा त्याचा खर्च.

अर्थिंगचं मोजमाप मे महिन्यात घ्यावं. जांभ्या दगडाच्या जमिनीत जुलैत आकडा छान येतो आणि एप्रिलमध्ये दुप्पट-तिप्पट होतो. पावसात काढलेला दाखला फसवा. इथे दोन खड्डे विहिरीच्या अंगाला, जिथे माती खोल आणि ओलसर आहे तिथे घेतले आणि देवळाभोवती पट्टीचं कडं फिरवलं. त्याच कड्याला कळसावरून येणारा तडितरोधक जोडला, आणि मुख्य पेटीत विजेचा झटका जमिनीत वळवणारा एसपीडी बसवला. झटका महावितरणच्या तारेवरून येतो, कळसावर वीज पडलीच पाहिजे असं नाही.

आग कळावी कशी

धुराचे डिटेक्टर सभामंडपात बसवणं म्हणजे रोजच्या आरतीला भोंगा वाजवणं. कापूर, धूप, नवचंडीचा होम, पहिल्या पावसातले पंखवाले किडे आणि थंडीतलं दव, या सगळ्यांना तो धूर समजतो. शिवाय मंडप तीन बाजूंनी उघडा, वाऱ्याने धूर डिटेक्टरपर्यंत पोचेलच असं नाही. आरपार किरण सोडणारा बीम डिटेक्टर लांब अंतराला चांगला, पण तो लाकडावर बसणार आणि लाकूड पावसाळ्यात फुगतं. किरण आरशावरून हलला की पॅनेलवर ‘फॉल्ट’. हवा ओढून तपासणारी यंत्रणा मोठ्या संग्रहालयांत उत्तम चालते. इथे तिच्या नळ्यांत पाणी साठणार, फिल्टर खारट धुळीने भरणार आणि दुरुस्तीला माणूस मुंबईहून येणार. तिन्ही पर्याय सोडले.

निवड झाली उष्णता ओळखणाऱ्या केबलची. आत पोलादाच्या दोन तारा, त्यांच्यावर ठरावीक तापमानाला मऊ होणारं आवरण. तापलं की तारा एकमेकींना चिकटतात आणि पॅनेलला कळतं. तिला धूर, धूळ, दव, किडे यांचं सोयरसुतक नाही. बाजारात सहज मिळते ती ६८ अंशांची, आणि चूक इथेच होते. मंगलोरी कौलांखालची हवा मे महिन्यात दुपारी पन्नाशी ओलांडते आणि ६८ अंशांची केबल साधारण ४५ अंशांपर्यंतच्या जागेसाठी असते. सततच्या उन्हाने आवरण थकतं आणि दोन-तीन उन्हाळ्यांत खोटे इशारे सुरू होतात. म्हणून ८८ अंशांची घेतली: आढ्याखालून एक ओळ, दोन्ही पाखांच्या (छपराच्या उतरत्या बाजूंच्या) मध्यावर एकेक, माळ्यावर एक वळसा, आणि स्वयंपाकघर-कोठाराला वेगळी. एकूण सुमारे १२० मीटर. बंद कोठारात एक साधा धुराचा डिटेक्टर आहे, कारण तिथे कापूर पेटत नाही आणि धुमसणाऱ्या कापडाचा सुगावा केबलला फार उशिरा लागतो.

केबल बसवल्यावर पहिल्याच श्रावणात मंडपाच्या झोनने (पॅनेलवरच्या विभागाने) भर दुपारी इशारा दिला. आग नव्हती. एका वाशावरचा क्लिप आवळून बसवलेला होता. पावसात वासा फुगला, केबल चेपली आणि तारा टेकल्या. ही केबल उष्णतेने जशी चिकटते तशीच दाबानेही चिकटते आणि एकदा चिकटलेला तुकडा सुटत नाही, कापून नवा जोडावा लागतो. त्यानंतर सगळे क्लिप रबरी अस्तराचे केले, मीटरभर अंतरावर, केबल बोटाने सरकेल इतके सैल. तीन मीटर जादा केबल कोठारात गुंडाळून ठेवली आहे.

पॅनेल चार झोनचं. झोनना ‘१, २, ३, ४’ असं न ठेवता पितळी पट्टीवर ‘मंडप’, ‘छतावरचा माळा’, ‘कोठार’, ‘स्वयंपाकघर’ अशी कोरलेली नावं आहेत. १५ एप्रिल २०१९ ला पॅरिसच्या नोत्र-दाममध्ये इशारा वेळेवर आला होता. पहारेकरी मात्र चुकीच्या इमारतीचा माळा पाहून आला आणि सुमारे अर्धा तास गेला. यंत्रावरचं नाव आणि गावाच्या तोंडचं नाव एकच असलं पाहिजे.

बॅटरीचा हिशेब नेहमीच्या २४ तासांवर करून कोकणात भागत नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. इथे ७२ तास धरले. पॅनेल आणि डायलर (आपोआप फोन लावणारं यंत्र) मिळून शांत स्थितीत २५० मिलिअँपिअर, म्हणजे ७२ तासांना १८ अँपिअर-तास; भोंगे अर्धा तास वाजायला दीड अँपिअरने पाऊण; बॅटरी जुनी होते म्हणून हे सव्वापट केलं की साडेतेवीस होतात. म्हणून १२ व्होल्टच्या २६ अँपिअर-तासाच्या दोन बॅटऱ्या. सोबत १०० वॅटचं सौर पॅनेल. छोटं घेतलं असतं तर ढगाळ आषाढात सततचा सहा वॅटचा खर्चही भरून निघाला नसता.

पॅनेलची पेटी चिऱ्याच्या भिंतीला चिकटवू नये. पावसाळ्यात जांभा घाम सोडतो, पेटीच्या मागून ओल चढते आणि मुंग्या रिलेत घर करतात. भिंतीपासून २५ मिलिमीटर पुढे, वायरी खालून, ग्लँड (वायरीभोवतीचं घट्ट बूच) लावून घेतलेल्या, आत सिलिका जेलची पुडी. डायलर सहा जणांना फोन करतो, पण त्याच्यावर भिस्त नाही; खरा इशारा वाडीच्या दिशेने तोंड केलेल्या दोन भोंग्यांचा. भोंग्याच्या तोंडाला बारीक जाळी हवीच, नाहीतर कुंभारीण माशी चिखलाने ते बुजवून टाकते. होज रीलच्या (चाकावर गुंडाळलेल्या पाण्याच्या नळीच्या) नोझलमध्येही तिचं घर सापडलं.

पाणी

सुरुवातीच्या प्रस्तावात डिझेल पंप, विजेचा पंप आणि नळ्यांतला दाब टिकवणारा छोटा जॉकी पंप होता. वर्षातून दोनदा चालणारं डिझेल इंजिन खाऱ्या हवेत ठेवून ते नेमक्या रात्री सुरू होईल असं मानायला छाती लागते. उत्तर जागेनेच दिलं. देवळामागे चढ आहे आणि सड्याच्या (वरच्या कातळी पठाराच्या) कडेला सपाट जागा, देवळाच्या जोत्यापासून ३२ मीटर उंच. तिथली टाकी म्हणजे विनावीज ३.१ बार दाब. जपानमधल्या शिराकावा-गोच्या गवती छपरांच्या गावात पाणीतोफा अशाच डोंगरावरच्या टाकीवर चालतात. कोकणाला उताराचं पाणी नवं नाही, पाटाचं पाणी पोफळीला शतकानुशतकं असंच येतं.

किती पाणी? छपराखाली स्प्रिंकलर, म्हणजे उष्णतेने आपोआप उघडून पाणी शिंपडणाऱ्या तोट्या, बसवायच्या होत्या; त्यांनी छपराच्या कुठल्याही ७२ चौरस मीटरवर मिनिटाला ५ मिलिमीटर, म्हणजे मिनिटाला ३६० लिटर. तासभर चालायचं तर २१,६०० लिटर. दोन होज रील, प्रत्येकी मिनिटाला ३० लिटर, तासाला ३,६००. बेरीज २५,२००. टाकी ५ बाय ४ मीटरची, २ मीटर खोल, म्हणजे ४०,००० लिटरची बांधली, आणि इथे एक युक्ती केली जी प्रत्येक गावाने करावी. एप्रिलमध्ये वाडीत पाण्याची ओढ असते, आणि डोळ्यांसमोर भरलेली टाकी असताना ती कोणी वापरू नये असं सांगणं ना शक्य ना योग्य. म्हणून वाडीचा नळ टाकीच्या तळापासून १.३५ मीटर उंचीवर काढला आणि आगीचा तळाशी. वाडीने वरचे १३,००० लिटर खुशाल वापरावेत, खालचे २७,००० नळाला लागतच नाहीत. पाणी वाहतं राहिल्याने टाकीत शेवाळही कमी धरतं. विहिरीवरचा दोन अश्वशक्तीचा पंप राखीव साठा चार-पाच तासांत भरतो.

खाली येणारी वाहिनी ९० मिलिमीटर एचडीपीई (जाड प्लास्टिकची नळी), लांबी १८० मीटर. ३६० लिटरच्या प्रवाहाला तिच्यात सुमारे ३ मीटर दाब जातो. छपराची उंची ६ मीटर, आतल्या नळ्या आणि व्हॉल्व्ह यांचे ८ मीटर वजा केले तरी शेवटच्या स्प्रिंकलरला १५ मीटर, म्हणजे दीड बार उरतो. ८० के-फॅक्टरच्या (एक बार दाबाला मिनिटाला ८० लिटर सोडणाऱ्या) स्प्रिंकलरला मिनिटाला ६० लिटर सोडायला ०.५६ बार पुरतो. हात मोकळा आहे.

एचडीपीई सड्यावर उघडी टाकू नये. फेब्रुवारी ते मेमध्ये वणवा येतो आणि ज्या पाण्याने आग विझवायची त्याचीच नळी गवतात वितळते. जांभा फोडून ६० सेंटिमीटरचा चर काढणं महाग पडलं, मजूर कंटाळले, मधला २० मीटरचा कातळ तर सुटेना. तेवढ्या भागात जीआय (जस्ताचा थर दिलेली लोखंडी) नळी टाकून वर चिरे लावले.

छपरातल्या नळ्या

स्प्रिंकलरला विश्वस्तांचा पहिला विरोध पाण्याचा होता: उगाच फुटला तर कोरीव काम भिजेल. विरोध समजण्यासारखा, पण प्रत्येक स्प्रिंकलर स्वतःच्या काचनळीने स्वतंत्र फुटतो, सिनेमात दाखवतात तसे सगळे एकदम नाही. एकातून मिनिटाला ६० ते ९० लिटर येतं. दलाचा एक मोठा होज त्याच्या कित्येक पट पाणी मारतो, तेही जोराने. आणि एक कौल फुटलं की आषाढात त्याच कोरीव कामावर काय पडतं हे गावाला माहीत आहे. दमट लाकूड सुकवता येतं.

काचनळीचा रंग पाहून घ्यावा. लाल ६८ अंशांची, हिरवी ९३ अंशांची. कौलांखाली हिरवीच. चुलीच्या थेट वर निळी, १४१ अंशांची. मंडपात १२, माळ्यावर ४, कोठारात २, स्वयंपाकघरात २, असे २० स्प्रिंकलर, आणि पेटीत सहा जादा, पान्यासह.

नळ्या कशाला अडकवायच्या हा वारसा वास्तूतला सगळ्यात नाजूक प्रश्न. इथे इतिहासच मदतीला आला. मंगलोरचा पहिला कौलांचा कारखाना बासल मिशन या ख्रिस्ती संस्थेने १८६० च्या दशकात काढला. कोकणात ती कौलं त्यानंतरची. खांब आणि छत त्याहून जुनं असलं तरी आताचे वासे-रिपा कौलांच्या वेळी बदललेले आणि पुढेही अनेकदा बदललेले. म्हणून सगळा भार वाशांवर घेतला आणि तुळया, हस्त, छत यांना एकही भोक पाडलं नाही. क्लॅम्प ३१६ प्रतीच्या (खाऱ्या हवेत जास्त टिकणाऱ्या) स्टेनलेसचे, आत रबरी पट्टी, वाशाभोवती आवळलेले. उद्या काढले तर खूण राहत नाही. भिंतीतून नळी नेताना चिरा न कापता चुन्याचा सांधा उकरला आणि परत चुन्यानेच भरला. सिमेंट टाळलं, ते चिऱ्यात ओल कोंडतं.

नळ्या जीआय ‘सी’ क्लास, जाड. आटे पाडताना जस्ताचा थर निघतो आणि गंज तिथूनच सुरू होतो, म्हणून प्रत्येक आट्याला जस्तयुक्त रंग. ऑर्डर देताना दुकानदार ‘बी’ क्लास पुढे करतो. दर मीटरला वजन करून घ्यावं. नळ्यांना लाकडाशी मिळता तपकिरी रंग आणि दर दोन मीटरवर लाल पट्टा.

नळ्यांत पाणी कायम भरलेलं आहे. इथे गोठण्याची भीती नाही, आणि कोरड्या यंत्रणेत उरलेलं थोडं पाणी आणि हवा मिळून नळी आतून जास्त खातात. मुख्य व्हॉल्व्हवर पाण्याच्याच जोरावर फिरणारी घंटा बसवली आहे. एखादा स्प्रिंकलर फुटला की पाणी वाहतं, चक्र फिरतं, घंटा ठणाणते. वायर नाही, बॅटरी नाही. या यंत्रणेतला सगळ्यात विश्वासू भाग तोच. मुख्य व्हॉल्व्ह उघडा ठेवून साखळीने बांधला आहे, कारण स्प्रिंकलर ऐनवेळी न चालण्याचं नेहमीचं कारण म्हणजे कोणीतरी गळती थांबवायला व्हॉल्व्ह बंद केलेला असतो आणि मग तो उघडायचा राहून जातो.

आड भिंत, वणवा आणि बाटल्या

कोठार आणि मंडप यांच्यामध्ये माळ्यावर कौलांपर्यंत आड भिंत घातली: लोखंडी चौकट, आत ५० मिलिमीटर रॉकवूल (दगडी धाग्यांचं, न जळणारं भरण), दोन्ही बाजूंनी १२ मिलिमीटर कॅल्शियम सिलिकेटचे तक्ते. जिप्समचे तक्ते दोन पावसाळ्यांत फुगतात, इथे ते नकोतच. तक्ता आणि कौल यांतली लाटेसारखी फट रॉकवूलने घट्ट भरली. ही फट राहिली तर भिंत नुसती शोभेची. आगरोधक पारदर्शक रंगाचा आग्रह एका पुरवठादाराने धरला होता. कोरीव लाकडावर तो मारला नाही: दमट हवेत तो पांढरा पडतो, सोलतो आणि मग खरवडून काढताना कोरीव काम जातं. लाकडाला जवसाचं किंवा काजूच्या टरफलाचं तेल लावण्याची पद्धत चालू ठेवायला हरकत नाही, पण जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्यांचा बोळा आपोआप तापून पेटतो. त्या पसरून वाळवायच्या किंवा पाण्याच्या बादलीत टाकायच्या, माळ्यावर नाही.

वणव्यासाठी देवळाभोवती सहा मीटरची जाळरेषा (गवत-पाला नसलेला मोकळा पट्टा), आणि वळचणीला कौलांखालच्या फटींना दोन मिलिमीटरची स्टेनलेस जाळी, म्हणजे उडत्या ठिणग्या आत शिरत नाहीत. पाखांच्या खोबणीतला पालापाचोळा माघात एकदा आणि शाकारणीला एकदा काढायचा. सोडणं-झावळ्यांचा ढीग हलवला. तो परत येतो, परत हलवावा लागतो.

देवस्थानाकडे आग विझवायच्या, पावडरच्या पाच लाल बाटल्या होत्या. त्यातली पावडर दमट हवेत आम्लधर्मी होऊन पितळेला खाते आणि कोरीव कामाच्या खाचांतून निघत नाही. लाकूड-कापडासाठी ९ लिटरच्या पाण्याच्या, वीजपेटीजवळ साडेचार किलोची कार्बन डायऑक्साइडची आणि तळणीसाठी ‘के’ वर्गाची अशी अदलाबदल केली. कुठूनही १५ मीटरच्या आत बाटली सापडते.

जाड होज जोडायचा नळ, म्हणजे हायड्रंट, मुद्दाम घेतला नाही. त्याला दोन दणकट माणसं आणि जास्त दाब लागतो, आणि गावातली दणकट माणसं वर्षातले दहा महिने मुंबईला असतात. दिवसा वाडीत बायका आणि म्हातारी माणसं. २० मिलिमीटरचा, ३० मीटरचा होज रील एकट्या बाईला ओढता येतो. म्हणून सराव बचत गटाच्या बायकांचा घेतला: रीलचा व्हॉल्व्ह आधी उघडायचा मग नळी ओढायची, वीज कुठून तोडायची, पालखी आणि मुखवटे कोणत्या दाराने काढायचे, आणि धूर खाली उतरला की सगळं सोडून बाहेर यायचं.

वेळापत्रक आणि उरलेलं काम

कामाचा क्रम ऋतूने ठरवला. चर आणि टाकी भातकापणीनंतर, शिमग्याच्या दिवसांत काही नाही, नळ्या आणि केबल शाकारणीत, कारण तेव्हा कौलं तशीही उतरवलेली असतात आणि वरून हात जातो. मृगाच्या आत दाबाची चाचणी. दर सोमवारी गुरव टाकीचा काटा आणि पॅनेलचा हिरवा दिवा पाहतात. महिन्याला चाचणी व्हॉल्व्ह उघडून घंटा वाजते का ते पाहायचं. पहिलं पाणी गंजाने लालसर येतं, स्वच्छ येईपर्यंत सोडावं.

दुसऱ्या शाकारणीला खाडीच्या बाजूचे चार क्लॅम्प डागाळलेले निघाले. त्यांचे बोल्ट ३०४ प्रतीचे आले होते, क्लॅम्प ३१६ चे, बोल्ट बदलले. स्वयंपाकघर मुळातूनच वेगळं बांधायचा ठराव झाला आहे, पैसा अजून जमायचा आहे. तोवर गॅसचे सिलिंडर बाहेर चिऱ्याच्या जाळीदार खोलीत आहेत, आणि तिथून आत येणारी रबरी नळी काढून तांब्याची बसवायचं काम या दिवाळीनंतर धरलं आहे.